लहान अक्षरांतलं औषध

४ फेब्रुवारी, मंगळवार

रबरी काकांना आज मी ठार मारलं.

तेही सगळ्या वर्गासमोर! रबरी काका म्हणजे सरावाचा पुतळा. उघडं तोंड, एक डोळा निखळलेला. प्रसंग दिला होता: मधुमेही माणूस, रक्तातली साखर उतरलेली, हाक मारली तर उत्तर नाही. मला वाटलं, यात काय एवढं! साखरेची जेल घेतली आणि सरळ तोंडात घातली. वर पाहिलं तर मास्तर हात जोडून उभे.

"अभिनंदन, फोनबाई. साखर श्वासनलिकेत गेली. काका वारले. घरच्यांना कोण कळवतंय?"

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते. जो गिळू शकत नाही त्याला तोंडातून काहीही द्यायचं नाही. हे मला माहीत होतं! कालच पाठ केलं होतं. पण समोर माणूस (रबरी का असेना) आडवा दिसला आणि हात आधी पुढे गेला.

मास्तर तासानंतर म्हणाले, "तुमचा रोग मला कळलाय. तुम्हाला काहीतरी *द्यायचं* असतं. औषध म्हणजे माया नव्हे, बाई."

बरोबर आहे त्यांचं. इतकी वर्षं अँब्युलन्सच्या फोनवर बसले. पलीकडे कुणी रडतंय, कुणी ओरडतंय, आणि माझ्याकडे द्यायला एकच— "गाडी निघाली आहे, धीर धरा." आता कुठे हात मोकळे झालेत, तर ते थांबत नाहीत.

थांबवीन. या वयात अँब्युलन्सवर चढायचं शिकायला बाकांवर येऊन बसले आहे ती नापास व्हायला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑक्सिजनसुद्धा औषध आहे. त्यालाही मात्रा असते. म्हणजे हवासुद्धा जास्त देता येते माणसाला!

९ फेब्रुवारी, रविवार

दादा बाबांना माझ्याकडे सोडून गेला. पंधरवडा संपला, आता माझी पाळी. आई गेल्यापासून हे असं चाललंय— बाबा, त्यांची बॅग आणि औषधांचा डबा, दादाच्या घरून माझ्याकडे, माझ्याकडून दादाकडे.

या खेपेला फारच उतरलेत. शर्टाची बटणं एकाआड एक. पाय घासत चालतात. दारातून आत आले आणि मला आत्याच्या नावाने हाक मारली. मी "मी आहे, बाबा" म्हटलं तर गोड हसले, जसं माणूस अनोळखी पाहुण्याकडे बघून हसतं. दादाकडे न्हाणीघरात पडले म्हणे, कोपराला निळं झालंय.

हे माझे बाबा! बस डेपोचे टाइमकीपर. ड्रायव्हर लोक त्यांना टरकून असायचे. आज दुपारी जेवून उठले आणि विचारलं, "सकाळ झाली का गं?"

दादा स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात बोलला. वृद्धनिवासात खोली ठरवून ठेवली आहे. एप्रिलपासून.

"माझा डॉक्टर म्हणतो, वयाचं आहे. वाढतच जाणार. तू दिवसभर क्लासला, संध्याकाळी फोनवर. उद्या गॅस चालू ठेवून झोपले तर?"

"मी बघेन त्यांच्याकडे."

"कधी? मधल्या सुट्टीत?" मग मऊ होऊन म्हणाला, "हे बघ, तुला दुसरं कोणी नाही म्हणून तू त्यांना धरून बसली आहेस. मला कळतं ते. पण हा निर्णय डोक्याने घ्यायचा असतो."

ते मधलं वाक्य त्याने बोलायला नको होतं. खरं आहे म्हणून तर नकोच होतं.

बाबा तिथे जाणार नाहीत. मी जाऊ देणार नाही. मार्चअखेरपर्यंत काहीतरी सुचेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज नावं. मास्तरांनी टेबलावर गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग ओतला आणि म्हणाले, "लावा जोड्या." आम्ही रंगांवरून लावल्या. आकारांवरून लावल्या. चष्मिसने— माझी सरावातली जोडीदारीण, विशीची आहे, मला मावशी म्हणते— नावांच्या पहिल्या अक्षरावरून लावल्या. सगळे चुकलो.

"मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते कंपनीचं बारसं. ते विसरा. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय ते औषध. माणसाच्या पोटात ते जातं. कंपनीचं नाव पोटात जात नाही."

मग वाचून दाखवायची रीत शिकवली. औषध ज्याच्या हातात, त्याने लहान अक्षरं मोठ्याने वाचायची— औषध, मात्रा, मुदतीची तारीख. जोडीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तेच पुन्हा म्हणायचं. मग कोणाला, कुठल्या वाटेने, कधी. गाडी पेटलेली असली तरी वाचायचं. नुसती मान हलवलेली चालणार नाही.

चष्मिस आणि मी पाण्याच्या कुप्या घेऊन तासभर एकमेकींना वाचून दाखवत होतो. शेवटी तिने बाटलीवरचं वाचलं— "पाणी. एक घोट. तोंडावाटे. आत्ता." मी म्हटलं, "पाहिलं. पाणी. द्या." ती प्यायली. मागून मास्तर— "मुदत कोण बघणार?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

अर्धायुष्य! शब्द ऐकला आणि मला वाटलं आता माझ्याबद्दलच बोलणार.

रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. मास्तरांनी बुडाला भोक असलेली बादली आणली. वरून मग्याने पाणी ओतायचं, खालून ते गळत राहणार. ठरावीक वेळाने एकेक मग ओतला, तर एका उंचीवर पाणी थांबतं. ना वाढत, ना उतरत. औषध नेमाने घेतलं की असंच होतं. मग त्यांनी भोकावर अर्धं बोट ठेवलं.

"हे म्हातारपण. यकृत दमलं, मूत्रपिंडं दमली. गळती कमी झाली. तुम्ही मात्र मग तेवढाच ओतताय."

पाणी चढत चढत काठावरून सांडलं. पुढच्या बाकावरच्यांचे बूट भिजले. मी खाली पाहत बसले होते. ते पाणी फरशीवर पसरत होतं आणि मला उगाच अस्वस्थ वाटत होतं. का, ते कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कळलं.

सकाळी बाबा चहा घेत होते. परीक्षेची तयारी म्हणून मी त्यांचा डबा काढला आणि एकेक पाकीट मोठ्याने वाचायला लागले. बाबांना म्हटलं, "तुम्ही माझे जोडीदार. मी वाचते, तुम्ही पुन्हा म्हणा." ते मजेत तयार झाले. रक्तदाबाची वाचली. बाबा म्हणाले, "पाहिलं." पोटाची वाचली. "पाहिलं."

मग माझ्या डॉक्टरबाईंनी दिलेली झोपेची. आई गेल्यावर बाबा रात्रभर खोलीभर फिरायचे, तेव्हा सुरू केलेली. मग दादाच्या पाकिटातली पांढरी. ती मी आजवर पित्ताची समजत होते. दादाने एकदाच सांगितलं होतं, "रात्री जेवणानंतर दे", आणि मी दिली. रोज. न चुकता.

लहान अक्षरं वाचली.

पुन्हा वाचली. चष्मा पुसून वाचली. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरली. मोठी नावं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत— एक अत्तराच्या बाटलीवर शोभेल असं, दुसरं सायकलच्या दुकानावर. खाली मुंगीच्या अक्षरांत एकच औषध. तेच. झोपेचं.

तिकडे दादाच्या डॉक्टरनेही तेव्हाच दिलं होतं, त्याच कारणासाठी. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. डब्यात दोन्ही पाकिटं, आणि डबा बाबांबरोबर या घरातून त्या घरात. दोन्हीकडे दोन्ही गोळ्या! इतके महिने! बाबांना मुलगा देतो तीही घ्यायची, मुलगी देते तीही घ्यायची.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "तू थांबलीस. पुढचं वाच ना."

दुपारी—

मी ती दोन्ही पाकिटं कचऱ्यात टाकली होती. मग कोण जाणे कसं सुचलं, मास्तरांना फोन केला. मला वाटलं शाबासकी मिळेल.

"टाकलीत? कुठे टाकलीत? आधी बाहेर काढा!" एवढं ओरडताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हे औषध एकदम तोडलं तर झटके येतात म्हाताऱ्याला. आज रात्री तुम्हीच तुमच्या फोनवर फोन कराल! चढवलंय तसं उतरवायचं, पायरी पायरीने. आणि पायऱ्या तुम्ही मोजायच्या नाहीत, डॉक्टरने. दोन्ही पाकिटं घ्या आणि जा. आत्ता!"

चहाच्या चोथ्यातून पाकिटं काढली, पुसली. बाबांना घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पाकिटं बघितली, मग बाबांकडे बघितलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी विचारायला हवं होतं, आणखी कुठे दाखवता का," एवढंच बोलल्या. माझ्यासमोर दादाच्या डॉक्टरांना फोन लावला. पुढचे काही आठवडे मात्रा कशी कमी करत न्यायची ते लिहून दिलं. दर आठवड्याला आणून दाखवायचं. "मी वचन देत नाही. थोडं वयाचंही असेल. धुकं निघून गेल्याशिवाय मागे काय आहे ते दिसणार नाही."

बाबा टेबलावरचा प्लास्टिकचा सांगाडा निरखत होते. "हा फार वाळलाय," म्हणाले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादाशी फोनवर भांडण. "बाकावर बसून महिना झाला नाही आणि तू डॉक्टर झालीस?" मी म्हटलं, तुझ्याच डॉक्टरला विचार. विचारलं असावं. संध्याकाळी पुन्हा फोन आला, आवाज वेगळा.

"महिनाभर तुझ्याकडेच राहू देत. पण खोली मी सोडत नाही. मार्चअखेर बघू. तेव्हाही असेच असले तर तू आडवी यायचं नाहीस."

"आणि सुधारले तर?"

"तर मी स्वतः फोन करून खोली सोडेन."

ठरलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबा झोपत नाहीत. चिडतात. आज दुपारी घाम, हातांना कंप, आणि माझ्यावर ओरडले— "माझी गोळी कुठाय? लपवलीस!" बाबांनी लहानपणीसुद्धा माझ्यावर आवाज चढवला नव्हता. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी कमी करण्याचा वेग आणखी मंद केला, काय दिसलं तर तडक घेऊन यायचं ते सांगितलं. बाकी सहन करायचं.

डबा कपाटात वर. किल्ली माझ्या खिशात. एक गोळी दिली की शांत होतील, हे मला माहीत आहे. एकच. कुणाला कळणार आहे?

शेजारी बसून राहिले. त्यांची नाडी मोजत होते की नुसता हात धरला होता, माझं मलाच सांगता येणार नाही.

दिली नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

क्लासमध्ये पेंगले. मास्तरांनी खडू मारला नाही, चहा पाठवला.

५ मार्च, बुधवार

पहिल्यांदा गाडीवर! शिकाऊ म्हणून, मागच्या बाजूला, हात मागे बांधून उभं राहायच्या अटीवर.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दुकानदार, मधुमेह, जमिनीवर पडलेला. बायको त्याच्या दातांत चमचा घालून गोड सरबत ओतत होती. घरघर आवाज येत होता. हे मी आधी केलेलं आहे, रबरी काकांवर! मी बांधलेले हात सोडले आणि तिचं मनगट धरलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला मारायला आले आहे.

"ताई, ते गिळू शकत नाहीयेत. हे छातीत जाईल. त्यांना कुशीवर वळवायला मला मदत करा."

काम दिलं की माणसाचा हात थांबतो. वळवलं, तोंड पुसून मोकळं केलं. गाडीवरच्या अनुभवी बाईंनी शीर शोधली, कुपी हातात घेतली आणि मोठ्याने वाचली. मी पाहिलं, पुन्हा म्हटलं. मुदतसुद्धा. साखर शिरेतून गेली, आणि थोड्या वेळाने त्या माणसाने डोळे उघडून पहिलं वाक्य काय बोलावं?

"दुकान कोणी उघडं टाकलंय?"

बायको हसायला लागली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

११ मार्च, मंगळवार

सकाळी बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे मागे आहे." खरंच मागे होतं!

मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसले.

"तू चष्मा कधीपासून लावायला लागलीस?"

"वर्ष होत आलं, बाबा."

"अस्सं." चहाचा कप फिरवत राहिले. "बरा दिसतो."

न्हाणीघरात नळ सोडून मनसोक्त रडून घेतलं. मग बाहेर येऊन त्यांचा रक्तदाब घेतला.

१६ मार्च, रविवार

दादा आला. बाबा दारातच म्हणाले, "ये. जाडा झालास." दोघं बुद्धिबळ खेळले. बाबा हरले, आणि "माझी सवय गेली, तू फार शेफारू नकोस" म्हणाले.

दादा पाणी प्यायला आत आला तो ओट्याला धरून उभाच राहिला. "मी रोज स्वतःच्या हाताने द्यायचो गं. विसरू नये म्हणून मोबाइलवर गजर लावला होता."

"मीही द्यायचे."

"तू शोधून काढलंस."

"आधी दिलीच ना."

तो मान खाली घालून पाणी प्यायला. जाताना म्हणाला, चोवीस तारखेच्या सोमवारी फोन करतो आणि खोली सोडून देतो. मी दारापर्यंत सोडायला गेले. तो जिना उतरल्यावर एकटीच हात वर करून नाचले. बाबांनी पाहिलं असावं.

संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "तू दिवसातून किती वेळा ते यंत्र बांधणार आहेस माझ्या दंडाला?" मी म्हटलं, थोडेच दिवस. "पायऱ्या उतरताना मागे असतेस. न्हाणीघराच्या दाराशी असतेस. मी उसासा टाकला तरी श्वास मोजतेस." मी हसण्यावारी नेलं.

२१ मार्च, शुक्रवार

पास! पास! पास!

शेवटचा प्रसंग असा: छातीत दुखणारा माणूस, खिशात त्याच्याच डॉक्टरने दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी. तो (म्हणजे मास्तर, छाती धरून, नाटकी कण्हत) गयावया करत होता— "ती गोळी द्या हो बाई, मरतोय मी!" ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब उतरवते. मी आधी रक्तदाब घेतला. परीक्षकांनी आकडा सांगितला— फार कमी. गोळी दिली असती तर तो आणखी कोसळला असता.

मला पदर नव्हता म्हणून मास्तरांनी बाही ओढली. "तुम्हाला दया नाही?"

"आहे. म्हणून देत नाही. आडवे व्हा, गाडी तयार आहे."

बाहेर आल्यावर चष्मिसने मला उचललं! मावशीला उचललं! मास्तर म्हणाले, "फोनबाई म्हणणं आता बंद करावं लागेल." मग दोन पावलं जाऊन मागे वळले. "वडील कसे आहेत?"

"घड्याळातल्या चुका काढतात."

"मग झालं तर."

एक एप्रिलपासून गाडीवर. माझ्या नावाचा गणवेश शिवायला टाकला. बाबा घरी, मी गाडीवर. शेजारच्या काकू दुपारी डोकावतील, मी मधून फोन करेन. सगळं डोक्यात मांडून ठेवलंय.

२३ मार्च, रविवार

बाबा चहा घेताना म्हणाले, "दादाला सांग, उद्या खोली सोडू नकोस. मला जायचंय तिथे."

मला वाटलं, धुकं परत आलं. शुद्ध तपासायचे प्रश्न विचारले. तुमचं नाव? सांगितलं. आपण कुठे आहोत? "तुझ्या घरी." आज वार कुठला? "रविवार. आणि तुझा पुढचा प्रश्न, काय चाललंय? माझी मुलगी मला नीट ऐकून घेत नाहीये, हे चाललंय."

मी रक्तदाबाचं यंत्र उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"तिथे माझ्या वयाची माणसं आहेत. भांडायला, पटावर हरवायला. तू मला यातून बाहेर काढलंस ते कशासाठी? या खोलीत बसून तू फोन कधी करतेस याची वाट बघायला?" मग माझा हात हातात घेतला. त्यांचा हात कापत नव्हता. "दादाने ठरवलं नाही. तूही नाही. मी ठरवलंय."

दादाला फोन लावला. "खोली राहू दे," म्हटलं. तो काय झालं, काय झालं करत राहिला.

बाबांना म्हटलं, दर रविवारी भेटायला येईन.

"ये," म्हणाले. "यंत्र घरी ठेवून ये."